मिनामी सर की नाम सर?

जून महिन्यात शाळा उघडली की आमचे पहिले आठ-दहा दिवस नावांतच जातात. मुलाचे नाव आमच्या हजेरीपटात उर्दूत असते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मराठीत आणि पुढे बोर्डाच्या फॉर्मवर इंग्रजीत. या तीन लिप्यांच्या प्रवासात जुबेरचा झुबेर होतो आणि एखाद्या वेळी सुबेरही होतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी दाखल्यावरची एक वेलांटी दुरुस्त करून घेण्यासाठी एका कार्यालयात वर्षभर खेटे घातले, तेही मजुरी बुडवून. आम्ही एकदा त्यांना म्हणालो, "भाईजान, एका वेलांटीने काय बिघडते?" ते म्हणाले, "सर, बिगडता कुछ नहीं, पर वो उसका नाम नहीं है ना!"

हे वाक्य आम्हांला पुन्हा पुन्हा आठवत राहिले ते एका अगदी दूरच्या भांडणाविषयी वाचताना. कोरियन आणि जपानी लोकांचे हे ऐतिहासिक भांडण आपल्याकडे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते. कधी ते एका खडकाळ बेटावरून असते, कधी पाठ्यपुस्तकावरून, कधी एखाद्या पुतळ्यावरून. बातमी वाचून आपण पान उलटतो. आम्हीही तेच करीत होतो. पण गेल्या वर्षभरात या विषयाशी संबंधित एक कथा आणि दोन पुस्तके इंग्रजीतून वाचनात आली. तिन्हींच्या केंद्रस्थानी शाळकरी वयाचे मूल आहे, आणि तिन्ही लेखकांनी आपल्या मादरी जबानमध्ये न लिहिता परक्या भाषेत लिहिले आहे. या दोन गोष्टींमुळे आम्ही अडकलो. शाळामास्तर आणि त्यातून उर्दू माध्यमाचा, मराठीत लिहू पाहणारा. आम्ही न अडकलो तरच नवल.

आधी थोडा इतिहास. २२ ऑगस्ट १९१० च्या तहाने जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडून टाकला. १५ ऑगस्ट १९४५ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, कोरियन माणूस कागदोपत्री जपानचा प्रजाजन होता. (१५ ऑगस्ट हा त्यांचाही मुक्तिदिन. मुलांना ही गोष्ट सांगितली की फार गंमत वाटते.) इंग्रजांनी आपल्यावर राज्य केले, पण तुम्ही इंग्रज आहात असे ते आपल्याला कधी म्हणाले नाहीत. जपानने कोरियनांना नेमके तेच सांगितले, की तुम्ही आणि आम्ही एकच. म्हणजे तुम्ही आमच्यासारखे व्हा. १९३८ मध्ये शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक झाली आणि पाहता पाहता वर्गाबाहेर गेली. ११ फेब्रुवारी १९४० पासून घराण्याची नावे जपानी पद्धतीने नोंदवण्याचा हुकूम अमलात आला. नवे नाव घेण्याची सक्ती नव्हती, असे जपानमधील काही मंडळी अजूनही सांगतात. परंतु सहा महिन्यांच्या मुदतीत सुमारे ८० टक्के कुटुंबांनी नवे नाव नोंदवले. शाळा, नोकरी, शिधा अशा प्रत्येक दारात अडवणूक होत असेल तर 'ऐच्छिक' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहून उपयोग नाही. आणि शब्दकोशाचे म्हणाल तर १९४२ च्या ऑक्टोबरात कोरियन भाषेचा कोश तयार करणाऱ्या विद्वानांचीच धरपकड सुरू झाली. त्यांतील दोघे तुरुंगात मरण पावले. पुरावा म्हणून जप्त केलेले कोशाचे हस्तलिखित १९४५ च्या सप्टेंबरात सोलच्या रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले.

आता कथेकडे वळू. किम सा-रयांग हे १९१४ साली प्योंगयांगमध्ये जन्मलेले लेखक. तोक्योच्या इम्पीरियल विद्यापीठात जर्मन साहित्य शिकले. १९३९ साली त्यांनी जपानी भाषेत 'हिकारी नो नाका नी', म्हणजे 'उजेडात', ही कथा लिहिली. १९४० मध्ये ती जपानमधील अत्यंत मानाच्या आकुतागावा पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. पुरस्कार मिळाला नाही, पण राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहिणारा एक कोरियन तिथवर पोहोचला हीच त्या वेळी मोठी गोष्ट.

कथेतील निवेदक तोक्योच्या एका गरीब वस्तीतील सेवाकेंद्रात राहणारा विद्यार्थी आहे. संध्याकाळी तो तिथे शिकवतो. त्याचे आडनाव कोरियन आहे. ज्या चिनी अक्षराने ते लिहितात त्याचा अर्थ 'दक्षिण'. तेच अक्षर जपानी माणूस 'मिनामी' असे वाचतो आणि कोरियन माणूस 'नाम' असे. मुले त्याला मिनामी सर म्हणतात. त्याने काही खोटे सांगितलेले नाही. मुलांनी अक्षर आपल्या पद्धतीने वाचले आणि त्याने ते चालू दिले, इतकेच. मनाशी तो म्हणतो की मुलांना सोपे जाते, त्यांच्याशी जवळीक होते, यात लपवाछपवी कसली? पण असे मनाशी वारंवार म्हणावे लागते, यातच सगळे आले.

(कोरियन 'नाम' आणि आपले 'नाम' यांचा काडीचाही संबंध नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही उर्दू वाचणाऱ्या माणसाला त्या दोन अक्षरांवर थबकल्यावाचून राहवत नाही. हरवलेल्या नावाची कथा आणि हरवलेले नाव 'नाम'!)

वर्गात यामादा हारुओ नावाचा एक मुलगा आहे. एकलकोंडा, खोडकर, मार खाल्लेल्या कुत्र्यासारखा संशयी. कोरियनांविषयी वाईटसाईट बोलण्यात तो सर्वांच्या पुढे. एके दिवशी ली नावाचा एक कोरियन तरुण मास्तरला तोंडावर विचारतो की तुम्ही आपले नाव का लपवता? हारुओ हे ऐकतो आणि ओरडत सुटतो की सर कोरियन आहेत! यानंतरचे दिवस या कथेत ज्या बारकाईने आले आहेत, तसे मास्तराच्या मनाचे चित्रण आमच्या वाचनात फार थोडे आहे. मास्तरला मुलाचा राग येतो, मग रागाची लाज वाटते, आणि मग हळूहळू कळते की हा मुलगा इतक्या जोराने ज्या शब्दाचा द्वेष करतो तो शब्द त्याच्या घरातच राहतो. हारुओची आई कोरियन आहे. नवऱ्याच्या मारहाणीत ती जखमी होऊन रुग्णालयात पोहोचते तेव्हा मुलगा तिला आई म्हणायलाही तयार नसतो. आणि आई? माझा मुलगा जपानी आहे, असे तीच सांगत राहते. मुलाने आईला नाकारावे आणि आईने त्या नाकारण्याला आपल्याच तोंडाने दुजोरा द्यावा, हा प्रसंग वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते.

शेवटी मास्तर आणि मुलगा उएनोच्या बागेत फिरायला जातात. मुलाला मोठेपणी नर्तक व्हायचे आहे. तिथे तो सांगतो की मला तुमचे खरे नाव माहीत आहे, आणि त्या अक्षराचा कोरियन उच्चार करून त्यांना हाक मारतो. मिनामी सरांचे नाम सर होतात.

हा शेवट जरा घाईने उजळतो, असे आमचे मत आहे. ज्या मुलाच्या मनात एवढे वर्षांचे भय साठले आहे तो एका दुपारच्या फेरफटक्यात इतका मोकळा होईल का? वर्गातला आमचा अनुभव तरी तसा नाही. परंतु नाव मास्तरने सांगितलेले नाही, मुलाने उच्चारले आहे, ही लेखकाची समज मोठी आहे. मास्तरला जे धैर्य गोळा करता आले नाही ते मुलाने त्याला उसने दिले.

मास्तर एवढा का घाबरतो, असे वाचकाला वाटेल. त्याचे उत्तर कथेबाहेर आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो-योकोहामा परिसरात प्रचंड भूकंप झाला. आगी लागल्या. आणि अफवा उठली की कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत. गावोगावी पहारेकरी टोळ्या उभ्या राहिल्या. कोरियन कोण आणि जपानी कोण हे चेहऱ्यावरून कळेना, म्हणून रस्त्यात अडवून लोकांना 'जूगो-एन गोजिस्सेन', म्हणजे 'पंधरा येन पन्नास सेन', असे म्हणायला लावीत. कोरियन जिभेला शब्दारंभीचे 'ज' आणि 'ग' जड जातात. ज्याचा उच्चार 'चूको-एन' असा काही झाला, तो संपला. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे; तो सहा हजारांपर्यंत सांगितला जातो. ६ सप्टेंबरला चिबा प्रांतातील फुकुदा गावात तर कागावाहून आलेले नऊ फेरीवाले मारले गेले. ते जपानीच होते. त्यांची बोली पहारेकऱ्यांना परकी वाटली. त्यांत बायका आणि लहान मुलेही होती. या घटनेवर मोरी तात्सुया या जपानी दिग्दर्शकाने २०२३ मध्ये चित्रपट काढला. दुसरीकडे तोक्योच्या राज्यपालांनी २०१७ पासून या हत्याकांडाच्या स्मृतिसभेला शोकसंदेश पाठवणे बंद केले. दंगलीच्या दिवसांत रस्त्यावर नाव विचारणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्या वाचकांना यावर अधिक काही सांगायला नको.

दुसरे पुस्तक 'लॉस्ट नेम्स', १९७० चे. लेखक किम उन-गुक. अमेरिकेत स्थायिक झाल्यावर रिचर्ड किम या नावाने इंग्रजीत लिहू लागले. आठवणी आणि कादंबरी यांच्या सीमेवरचे हे पुस्तक सात प्रसंगांत मांडले आहे. तान्ह्या बाळाला घेऊन आईवडील गोठलेली नदी ओलांडून मांचुरियात जातात तिथून ते १९४५ च्या मुक्तीपर्यंत. मधला प्रसंग नावांचा. बर्फ पडते आहे. वडील दंडाला काळी फीत बांधून मुलाला पोलीस ठाण्यात घेऊन जातात आणि इवामोतो हे नवे आडनाव नोंदवतात. तिथून सगळे कबरस्तानात जातात. आपण आजपासून तुमच्या नावाचे राहिलो नाही, हे पूर्वजांना सांगायला. बर्फात गुडघे टेकून म्हातारीकोतारी माणसे रडत असतात. मुलगा हे पाहतो. त्याच्या मनात कीव आहे आणि चीडही आहे. रडून काय होणार? आणि बाप मुलाला सांगतो की तुझ्या पिढीने आम्हांला माफ करावे.

दुसरा एक प्रसंग आम्ही आमच्या वर्गात सांगितला. आग्नेय आशियातील विजयाच्या आनंदात शाळेतील मुलांना रबरी चेंडू वाटले जातात. पुढे युद्धात रबर कमी पडते तेव्हा तेच चेंडू परत मागवतात. गोळा करण्याचे काम या मुलाकडे. चेंडू पिशवीत मावेनात, म्हणून तो त्यांना भोके पाडून चपटे करतो. शिक्षकाला त्यात राजद्रोह दिसतो आणि मुलाला बेदम मार बसतो. आमची मुले आधी हसली, मग गप्प झाली. साम्राज्य म्हणजे काय हे आठवीच्या मुलांना समजावून सांगायला एवढे चांगले साधन आमच्या बी. एड.च्या कोणत्याही पुस्तकात नव्हते.

या पुस्तकात आम्हांला एक खोट दिसते. निवेदक मुलगा फारच शहाणा आहे. तो वर्गात पहिला, वागण्यात धीट, बोलण्यात नेमका. आणि वडील जवळजवळ आदर्श पुरुष. हारुओसारखा वाकडातिकडा, स्वतःशीच भांडणारा मुलगा इथे सापडत नाही. तरी पुस्तकाचे नाव पाहा. १९९८ च्या आवृत्तीत लेखकाने सांगितले आहे की भाषांतरकारांनी 'लॉस्ट'साठी 'बळजबरीने हिरावून घेतलेली' अशा अर्थाचा शब्द वापरला, आणि तो त्यांना नको होता. त्यांना 'हरवलेली'च म्हणायचे होते.

मराठीत हा फरक किती जवळच्या दोन शब्दांत बसतो! हिरावलेली नावे आणि हरवलेली नावे. 'हिरावलेली' म्हटले की समोर चोर उभा राहतो आणि आपण निर्दोष ठरतो. 'हरवलेली' म्हटले की थोडी मान खाली जाते. आपल्या हातून काय निसटले, का निसटले, हे विचारावे लागते. राष्ट्रवादाला पहिला शब्द हवा असतो. लेखकाने दुसरा निवडला, आणि बापाच्या तोंडी माफी घातली, म्हणून हे पुस्तक गाऱ्हाणे होऊन थांबत नाही. परंतु इथे एक धोकाही आहे, तो लेखकाला ठाऊक असणारच. 'तुम्ही नावे हरवलीत' हे वाक्य जपानी मंत्र्याच्या तोंडी गेले की त्याचा अर्थ तत्काळ बदलतो. ज्याचे नाव गेले त्यालाच 'हरवले' म्हणण्याचा हक्क आहे. ज्याने घेतले त्याने 'हिरावले' असेच म्हटले पाहिजे. दोन्ही बाजूंनी एकच शब्द वापरावा असा आग्रह धरणाऱ्या समेटावर आमचा विश्वास नाही.

याच कसोटीवर तिसऱ्या पुस्तकाकडे पाहावे लागते. योको कावाशिमा वॉटकिन्स यांचे 'सो फार फ्रॉम द बांबू ग्रोव्ह' १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. अकरा वर्षांची जपानी मुलगी योको उत्तर कोरियातील नानाम येथे सुखात वाढते आहे. १९४५ मध्ये साम्राज्य कोसळू लागते आणि ती, तिची आई व थोरली बहीण को जीव मुठीत घेऊन दक्षिणेकडे पळतात. भूक, आजार, बायकांवरचे अत्याचार, प्रेते. जपानला पोहोचल्यावर क्योतोच्या स्थानकात आईही जाते. दोघी बहिणी कचऱ्यातून कागद वेचून शाळा शिकतात. वर्गातल्या श्रीमंत मुली हसतात. शाळेतला तोतरा गडी नाइदो तेवढा मायेने वागतो. भाऊ हिदेयो मागे राहिलेला असतो, त्याला किम नावाचे कोरियन कुटुंब आपला नातलग म्हणून लपवून ठेवते आणि वाचवते.

पुस्तक मनाला भिडते, हे आम्ही आधीच कबूल करतो. मुलांसाठी इतके साधे आणि वेगवान लिहिणे सोपे नव्हे. योकोचे दुःख खोटे आहे असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. युद्ध संपले तेव्हा कोरियात सुमारे सात लाख जपानी नागरिक होते आणि त्यांतील उत्तरेकडच्यांचे फार हाल झाले, हे खरेच आहे. तक्रार वेगळी आहे. योकोचे वडील मांचुरियात जपानी सरकारचे अधिकारी आहेत. ती ज्या घरात राहते ते घर तिथे कसे आले? शेजारच्या कोरियन मुलाला त्याच वर्षांत स्वतःच्या नावाने हाक मारता येत होती का? पुस्तकात हा प्रश्न जवळजवळ नाहीच. कोरियन माणूस येतो तो मुख्यतः झडप घालणारा म्हणून. किम कुटुंब हा सन्माननीय अपवाद. हे पुस्तक अमेरिकेतील अनेक शाळांत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना वाचायला लावीत. ज्या मुलाला कोरिया नकाशात दाखवता येत नाही, त्याची कोरियनांशी पहिली ओळख अशी व्हावी! जालियनवाला बागेचे नावही न ऐकलेल्या मुलाला १८५७ च्या धामधुमीत पळणाऱ्या इंग्रज मुलीची कहाणी द्यावी, तसे हे. त्या मुलीचे अश्रू खरेच असतात. तेवढ्याने १८५७ कळत नाही.

२००६-०७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील कोरियन-अमेरिकन पालकांनी हे पुस्तक वाचनयादीतून काढावे म्हणून आवाज उठवला. कोरियात त्याचे भाषांतर २००५ मध्ये निघाले होते. वादानंतर २००७ मध्ये ते बाजारातून परत घेतले गेले. पालकांचा संताप आम्हांला समजतो, मागणी मात्र पटत नाही. काढून टाकलेले पुस्तक मुले दुप्पट उत्साहाने शोधतात, हा सर्व देशांतील शिक्षकांचा अनुभव असणार. काही शिक्षकांनी त्याच्या जोडीला 'लॉस्ट नेम्स' लावावे असे सुचवले, ते योग्य वाटते. आम्ही असतो तर आणखी एक अट घातली असती, की आधी 'लॉस्ट नेम्स' आणि मग योको. क्रमाला महत्त्व आहे. घर कोणाचे होते हे आधी कळू द्या, मग घर सोडून पळणाऱ्या मुलीसाठी रडू द्या.

राजकारणातही क्रमाचाच घोळ आहे. १९६५ मध्ये दक्षिण कोरिया आणि जपान यांच्यात करार झाला. जपानने ३० कोटी डॉलर मदत आणि २० कोटी डॉलर कर्ज दिले आणि दाव्यांचा प्रश्न पूर्णपणे व कायमचा मिटला असे लिहिले गेले. त्या वेळी कोरियात लष्करी राजवट चालवलेल्या पार्क चुंग-ही यांचे सरकार होते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना कोणी विचारले नाही. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या वृद्धेने जपानी सैन्याच्या छावण्यांत स्त्रियांवर काय गुजरले ते स्वतःच्या नावानिशी जगाला सांगितले, तेव्हा हिशेब मिटवून सव्वीस वर्षे झाली होती! १९९३ मध्ये जपान सरकारच्या वतीने कोनो यांनी दिलगिरीचे निवेदन केले. २०१५ मध्ये पुन्हा करार झाला, पुन्हा 'कायमचा' हा शब्द आला, पुन्हा त्या बायांना विचारायचे राहिले. २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या मजुरीबद्दल एका जपानी कंपनीला भरपाई द्यायला सांगितले आणि पुढच्या वर्षी प्रकरण व्यापारबंधने व बहिष्कारापर्यंत गेले. माफी मागून झाली आहे, असे जपानी माणूस म्हणतो. ती मनापासून नव्हती, असे कोरियन माणूस म्हणतो. दोघेही अगदीच खोटे बोलत नाहीत, म्हणून तर हे मिटत नाही.

या भांडणात आपल्या देशाचाही एक धागा आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा एकमेव निकाल न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचा. विजेत्यांनी पराभूतांचा न्याय करावा हे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यात तथ्य होते. परंतु २००५ मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले ते यासुकुनी मंदिराच्या आवारात, जिथे युद्धगुन्हेगार म्हणून फाशी गेलेल्यांचीही पूजा होते. भारतीय प्रवासी ते पाहून अभिमानाने फोटो काढतात. तोच फोटो कोरियन शेजाऱ्याला दाखवला तर काय होईल, याचा विचार त्यांनी करून पाहावा.

कोरियन राष्ट्रवादाला नको असलेले बोलले की काय होते याचेही उदाहरण आहे. पार्क यू-हा या सोलमधील प्राध्यापिकेने २०१३ मध्ये छावण्यांतील स्त्रियांवर एक पुस्तक लिहिले. दलाल कोरियनही होते, सर्व स्त्रियांचा अनुभव एकसारखा नव्हता, हे तिने मांडले. तिच्या काही वाक्यांनी वृद्ध स्त्रिया दुखावल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०१५ मध्ये ३४ ठिकाणचा मजकूर गाळण्याचा आदेश झाला, २०१७ मध्ये वरच्या न्यायालयात दंड झाला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ते मत शैक्षणिक स्वरूपाचे आहे असे मानून शिक्षा रद्द केली. तिची सर्व मांडणी आम्हांला पटत नाही. दलाल कोरियन होता म्हणून छावणी कोणाची होती हे बदलत नाही. पण या प्रश्नाचा निकाल न्यायाधीशाने द्यायचा नव्हता, वाचकाने द्यायचा होता.

आणि जपानमध्ये सगळे मंत्र्यांसारखे बोलतात असेही नाही. २००१ मध्ये साम्राज्याच्या पापांवर पांघरूण घालणारे इतिहासाचे पाठ्यपुस्तक सरकारने मंजूर केले तेव्हा कोरियात आगडोंब उसळला. पुढे जपानमधील किती शाळांनी ते लावले? एक टक्काही नाही. तिथल्याच शिक्षकांनी आणि पालकांनी विरोध केला. इबारागी नोरिको या जपानी कवयित्रीने पन्नाशीत कोरियन भाषा शिकायला घेतली आणि युन दोंग-जू या कोरियन कवीवर लिहिले. त्या कवीला शिकण्यासाठी जपानला जाता यावे म्हणून हिरानुमा हे आडनाव घ्यावे लागले होते. १९४३ मध्ये क्योतोत त्याला पकडले आणि १६ फेब्रुवारी १९४५ ला, मुक्तीला सहा महिने उरलेले असताना, सत्ताविसाव्या वर्षी तो फुकुओकाच्या तुरुंगात मेला. इबारागींचा तो लेख जपानी माध्यमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात आला. २०२५ च्या फेब्रुवारीत दोशिशा विद्यापीठाने, जिथे शिकताना त्याला पकडले होते, त्याला मरणोत्तर डॉक्टरेट दिली.

भाषेविषयी आम्ही सुरुवातीला बोललो होतो. किम सा-रयांग जपानीत लिहितात, उरलेले दोघे इंग्रजीत. परक्या भाषेत लिहिणाऱ्याकडे त्याचे लोक जरा संशयाने पाहतात, हे या वार्षिकाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? तिकडचे म्हणतात गेला, इकडचे म्हणतात आला कशाला. पण 'उजेडात' कोरियनमध्ये लिहिली असती तर हारुओपर्यंत ती पोहोचली नसती, हेही खरे. किम सा-रयांग पुढे युद्धाच्या धामधुमीत चीनमार्गे उत्तर कोरियात गेले आणि १९५० च्या युद्धात बेपत्ता झाले. उत्तरेकडे गेलेल्या लेखकांच्या पुस्तकांवर दक्षिणेत बंदी होती; ती १९८८ पासून उठू लागली. म्हणजे जपानी भाषेत लिहिले म्हणून एकदा परका, आणि उत्तरेत गेला म्हणून दुसऱ्यांदा.

आणखी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. तिन्ही मुखपृष्ठांवर लेखकाचे जन्मनाव नाही. किम सा-रयांग हे टोपणनाव, मूळ नाव किम शी-चांग. किम उन-गुक यांचे रिचर्ड झाले. योकोच्या नावापुढे नवऱ्याचे वॉटकिन्स आहे. यांतले कोणते हरवलेले, कोणते हिरावलेले आणि कोणते खुशीने घेतलेले, हे ज्याचे त्याने ठरवावे.

गेल्या महिन्यात आम्ही आठवीच्या मुलांना मिनामी सरांची कथा उर्दूत सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी, तीच वेलांटीवाली, म्हणाली, "सर, हारुओ की अम्मी उसको अपनी जबान में क्या बुलाती थी?" आम्ही घरी येऊन कथा पुन्हा चाळली. आईच्या तोंडी हारुओ हेच नाव आहे.